फाळक्याजवळची जागा

तारे, तू त्या रोगाने मेली नाहीस. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण गावात चार दिवसांपासून भलतंच चाललंय. गिरणीत जावं, किराणा दुकानात जावं, जिथे तिथे एकच वाक्य: ‘शेवटी त्या रोगानंच नेली.’ कसला रोग? बारा वर्षं तू एक गोळी चुकवली नाहीस. मागच्या तपासणीत तुझ्या रक्तात तो विषाणू मशीनला सापडलासुद्धा नव्हता. एवढं सगळं निभावून तू गेलीस ती गावाबाहेरच्या गतिरोधकावर, सकाळी सव्वासातला, कांदे कापायला जाताना. मला अजून खरं वाटत नाही. हात काम करतात, डबा घासतात, कणीक मळतात, आणि मी बाजूला उभी राहून त्यांच्याकडे बघत असते.

मला लिहायला कुणी सांगितलेलं नाही. दहावीपर्यंत शिकले म्हणून बचत गटाचं इतिवृत्त माझ्याकडे आलं आणि तेव्हापासून तू मला ‘सचिवबाई’ म्हणून चिडवत आलीस. गटाच्या वहीत तुझ्याबद्दल मी एकदाच लिहिलंय. तुला गटात घ्यायचं नाही असं ठरलं त्या बैठकीत. बायका काय काय बोलल्या ते मी ऐकत होते आणि वहीत लिहिलं होतं, ‘नवीन सदस्यांबाबत चर्चा झाली.’ तुला ते दाखवलं तर तू म्हणालीस, “अक्षर छान हाय गं तुझं.” तो टोमणा मला कळला होता, पण कळला नाही असं दाखवलं.

एका गावात राहून आपली खरी ओळख झाली ती नाशिकला, सरकारी दवाखान्याच्या रांगेत. आठवतं? मी पदराने निम्मं तोंड झाकून उभी, आणि माझ्यापुढे जी बाई निम्मं तोंड झाकून उभी होती ती मागे वळली. तूच.

“काय गं शोभे, तू इथं?”

“मावशीला आणलंय. तू?”

“मी बी मावशीलाच आणलंय.”

मग आपण दोघी इकडेतिकडे बघत राहिलो, एकमेकींची मावशी कुठे दिसते का ते. तेवढ्यात सिस्टरने खिडकीतून माझं नाव पुकारलं, आडनावासकट. तू इतकी हसलीस की वॉचमन ओरडला. मला रडू येत होतं आणि तू म्हणत होतीस, “तुझी मावशी लय तरणी हाय की गं!” त्या जागी, त्या रांगेत, कुणी हसू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. तुझा नवरा ट्रकवर होता, तो जाऊन वर्ष झालं होतं. माझा त्याआधीच गेला होता आणि आम्ही गावात कावीळ सांगितली होती. दोघींच्या अंगात तेच होतं. त्या दिवसापासून आपण दर महिन्याला ‘मावशीकडे’ जायला लागलो.

विंचूर फाट्यावरून एसटी पकडायची, गोळ्या घ्यायच्या, गोळ्यांच्या डब्या पिशवीत खडखडू नयेत म्हणून त्यात कापूस कोंबायचा आणि स्टँडबाहेर भेळभत्ता खायचा. एका कागदावर. तू मिरची चावून चावून खायचीस आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. गेल्या वर्षी तुझा रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी तू भेळवाल्याला म्हणालीस, “दादा, सापडलाच नाय बघा!” तो म्हणाला, “काय हरवलं होतं?” तू म्हणालीस, “चोर.” त्याने शेंगदाणे जास्त घातले. नाशिकमध्ये आपण अशा होतो. परत येताना फाट्यावर उतरलो की तू दहा पावलं पुढे आणि मी मागे. ते माझ्यासाठी होतं. तुझं तर तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं.

ते तुझ्या जावेने केलं. सात वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कुरडया घालायला गल्लीतल्या बायका तुझ्याच अंगणात जमल्या होत्या. चीक चुलीवर होता आणि तू तो ढवळत होतीस. जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, “हिचा हात लावू देऊ नका, हिला नवऱ्याचा रोग हाय.” मला वाटलं तू नाही म्हणशील. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, हिला नाही म्हणायची बुद्धी दे. तू ढवळणं थांबवलं नाहीस. म्हणालीस, “हाय. गोळ्या चालू हायत. पण तुमच्या कुरडईत माझं रक्त नाय, गहू हाय.” एकेक बाई पदर झटकून उठली. मीही उठले, तारे. तो चीक तू एकटीने साच्यात घातलास आणि वर्षभर एकटीने त्या कुरडया तळून खाल्ल्यास. मला नाशिकच्या बसमध्ये डब्यातून आणून द्यायचीस.

मग आपल्या कांदे कापायच्या टोळीत नियम झाले. सिंधूमावशी आपली मुकादम, तिला मी वाईट म्हणणार नाही. तिने तुला कामावरून काढलं नाही, दुसऱ्या कोणी ठेवलंच नसतं. पण तुझा पाण्याचा तांब्या वेगळा झाला. तुझ्या विळ्याच्या मुठीला लाल चिंधी बांधली, चुकून कुणी उचलू नये म्हणून. आणि पिकअपमध्ये तुझी जागा ठरली, सगळ्यात मागे, फाळक्याजवळ. बाकी आम्ही पंधरा जणी पुढे एकमेकींच्या मांडीवर बसल्यासारख्या आणि मग हातभर मोकळी जागा आणि मग तू, एका हाताने फाळक्याची साखळी धरून. त्या फाळक्याची एका बाजूची कडी मोडलेली होती, तिथे लोखंडी तारेने बांधलं होतं. सगळ्यांना माहीत होतं ते. कांद्याच्या गोण्या त्यावर टेकवायच्या नाहीत, असं ड्रायव्हर रोज ओरडून सांगायचा.

विळ्याच्या त्या चिंधीवर तू किती हसायचीस. कांद्याची पात कापताना बोट कापणं हे आपल्यात रोजचंच. एकदा माझं बोट चांगलंच कापलं. सिंधूमावशीने धावत येऊन स्वतःच्या जुन्या साडीची पट्टी फाडली आणि माझं बोट धरलं. मी हात मागे ओढला तर खेकसली, “लाजती काय, भवाने!” आणि घट्ट बांधलं. लांबच्या वाफ्यातून तू बघत होतीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, “माझ्या विळ्याला चिंधी आणि तुझ्या बोटाला लुगडं. बरं चाललंय सचिवबाईंचं.” मी चिडले. दोन दिवस बोलले नाही. तरी रोज रात्री आठ वाजता तुझा मिस कॉल येतच राहिला, कारण आठला आपली दोघींची गोळी. एक रिंग, की मी डबी उघडायची. गेल्या सोमवारी तो आला नाही आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मी गोळी विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ध्यानात आलं तेव्हा डबी हातात धरून कितीतरी वेळ बसले होते.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते संपलं नाही. तुझं म्हणणं, सांगून टाक. “दोघी असलो तर तिसरी येईल. या टोळीत आपण दोघीच हाय असं वाटतं का तुला?” माझं म्हणणं, लेकीचं लग्न होऊ दे. लेकीचं लग्न झालं, सिन्नरला दिली. मग मी म्हणाले, तिचं बाळंतपण होऊ दे. ते झालं. मग म्हणाले, तिची सासू फार कडक आहे गं, जरा रुळू दे तिला. तू म्हणालीस, “आता नातवाचं लगीन होऊ दे म्हन. मंग आपन दोघी वर गेल्यावर तिथं सांग, यमाला.” तू कधी माझं नाव कुणाजवळ काढलं नाहीस. जावेने एकदा खोदून विचारलं होतं, दर महिन्याला शोभा तुझ्याबरोबर कशाला जाते म्हणून. तू सांगितलंस, तिची मावशी आजारी असते. ती मावशी तू इतकी वर्षं जगवलीस.

रविवारी संध्याकाळी तू माझ्या परसदारी आलीस. पुढच्या दाराने तू माझ्याकडे कधीच येत नव्हतीस. म्हणालीस, “शोभे, उद्या माझ्याजवळ बस.”

“म्हणजे?”

“म्हंजे फाळक्याजवळ. काही बोलू नको, काही सांगू नको. नुसती येऊन बस. कंटाळा आला गं मला तिथं एकटीला.”

मी “बघू” म्हणाले. तुला राग आला असता तर बरं झालं असतं. तू “बघ” म्हणालीस आणि गेलीस. जाताना माझ्या कढीपत्त्याची दोन पानं तोडून नेलीस.

सोमवारी पिकअप आली. तू आधीच चढली होतीस. साखळी धरून बसली होतीस आणि शेजारची जागा पदराने पुसून ठेवली होतीस, ते मी पाहिलं. मी चढले, तुझ्यावरून पुढे गेले, केबिनला टेकून बसले आणि डोळे मिटून घेतले. झोप लागल्याचं सोंग केलं. गाडी पाच मिनिटंही चालली नसेल. गतिरोधक आला, गाडी उडाली, तार तुटल्यासारखा आवाज झाला आणि बायका ओरडल्या. डोळे उघडले तर फाळका खाली लोंबत होता आणि मागचा रस्ता दिसत होता. तू दिसत नव्हतीस. मी बसले असते तर तुझा दंड धरला असता का? की दोघी पडलो असतो? हे मी दिवसातून शंभरदा विचारते. कोणाला विचारू? हे तुलाच विचारायचं होतं.

सगळ्या उतरलो. तू रस्त्यावर कुशीवर होतीस, डोक्याखाली रक्त पसरत होतं. सिंधूमावशी छाती बडवून ओरडत होती, “धरा गं तिला, कोणीतरी धरा!” आणि ओरडत ओरडत मागे सरकत होती. सगळ्याच मागे सरकत होत्या. त्याच बायका, ज्यांनी एकमेकींची बाळंतपणं केली, एकमेकींची बोटं बांधली. मी कुठे होते? मी त्यांच्यातच होते. ना पुढे, ना मागे. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: मी हात लावला तर विचारतील, हिला भीती कशी नाही वाटत? तुझं रक्त माझ्या चपलेपासून वीतभर होतं आणि मी हा विचार करत होते.

तुझे डोळे उघडे होते. तू मला पाहिलंस. आणि तू मान हलवलीस. अगदी थोडी, इकडून तिकडे. नको. तारे, ते ‘नको’ होतं का? सात वर्षं सांग, सांग म्हणून माझा जीव खाल्लास आणि त्या क्षणाला मला म्हणालीस का, की येऊ नको, उघडी पडशील? की नुसत्या वेदनेने मान हलली? मला माहीत नाही. मला कधीच कळणार नाही. मी मात्र त्या वेळी ते ‘नको’च धरलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

शेवटी ड्रायव्हरने कांद्याच्या रिकाम्या गोण्या काढल्या. एकेकीने हातात गोणी चढवली, मोजे चढवावेत तशी, आणि तुला उचललं. मीही चढवली. तुझे पाय मी धरले होते, गोणीतून. तू किती हलकी होतीस. दवाखान्यात पोचायच्या आधी तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, आतून मार होता, लगेच आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. ते ऐकून बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. मला तो टाकता आला नाही.

आता माझंही सगळ्यांना माहीत आहे. चार दिवसांत पिकअप माझ्या दारापुढून तीनदा गेली, थांबली नाही. सिन्नरपर्यंत बातमी गेली असणारच, लेकीचा फोन आलेला नाही. मी केला तर जावई म्हणाले, ती बाळाला झोपवतेय. बाळ चार दिवस झोपतंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, “ये आता, बस इथं.” तुझ्या आवाजात मला ते ऐकूही येतं, आणि मग तू नाहीस हे नव्याने कळतं. पण हे सगळ्यांना कसं कळलं ते तुला सांगायचंय, कारण तू तिथे असून नव्हतीस.

सोमवारी दुपारी तुला घरी आणलं, पांढऱ्या कापडात गुंडाळून. बायका जमल्या, पण अंगणाच्या पलीकडे, लिंबाखाली. आपल्यात बाई गेली की चौघींनी पडदा धरायचा, अंघोळ घालायची आणि माहेरची साडी नेसवायची. कुणी पाणी तापवलं नव्हतं. तुझी जाऊ म्हणाली, “पोस्टमार्टेम झालंय, काय अंघोळ घालायची, वरून साडी टाकली की झालं.” तेवढ्यात नामपूरहून तुझे दादा आले. दर दिवाळीला तू ज्यांच्या ताटात जेवून यायचीस आणि मला बसमध्ये सांगायचीस, “आमच्यात एकच ताट असतं, दादाचं नि माझं,” ते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. तुझंच नाक. हातात पिशवी होती. ओट्यावर उभे राहून त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “साडी आनेल शे.” साडी आणलीय.

कोणी पुढे झालं नाही. दादांनी सगळ्या बायकांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग विचारलं, “तिना जोडे कोन व्हतं?” पडली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं. रागाने नाही विचारलं. भावाला वाटतं ना, शेवटचं कोणी पाणी पाजलं, कोणी डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या पाया पडावं, तसं विचारलं. सगळ्या खाली बघायला लागल्या. मी उठले. अंगण ओलांडलं आणि तुझ्याजवळ बसले. तुझ्या तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि तुझ्या गालाला हात लावला. गार होतीस.

सिंधूमावशी ओरडली, “शोभे, खुळी झाली का? हात काढ!”

मी म्हणाले, “मला काही होत नाय, मावशी. मला बी तेच हाय. बारा वर्षं झाली.”

 सिंधूमावशीचा हात हळूच तिच्या पदराकडे गेला आणि तिने पदर आवळून घेतला. मला वाटलं होतं, हे बोलले की छातीवरचा दगड उतरेल. तूच म्हणायचीस ना, सांगून टाक, मोकळी होशील. मी दादांकडे पाहिलं. का पाहिलं? खरं सांगू? मला वाटलं, ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील.

ते म्हणाले, “तू व्हती तिना जोडे?”

“हो, दादा.”

ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले, तुझ्या गालावरच्या. मग म्हणाले, “मंग तुले ते माहीत व्हतं. हात लावा ते काही व्हत नही.”

हो, तारे. हात लावल्याने काही होत नाही हे बाकीच्यांना माहीत नव्हतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या पंधरा जणींत ते मला एकटीलाच माहीत होतं. तू मान हलवली होतीस हे माझ्या ओठावर आलं होतं. ते मी दादांना सांगितलं नाही, आणि कुणालाच सांगणार नाही.

दादांनी पिशवीतून साडी काढली. जांभळी, बारीक काठाची. त्यांनी पुन्हा एकदा लिंबाखाली पाहिलं, दुसरं कोणी उठतंय का ते. कोणी उठलं नाही. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि स्वतःच पाणी तापवायला आत गेले.